एर्किनसाठी काठोकाठ भरलेली वाटी

मी अनीपा, जपारची लेक आणि कै. सुयुनबेकची बायको, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार कोचकोर, पाटाकडची गल्ली, हिरवं फाटक, हे मृत्युपत्र राजीखुशीने आणि पूर्ण शुद्धीत लिहून ठेवत आहे. माझ्यावर कोणाचा दाब नाही. गुडघे सोडले तर प्रकृती ठणठणीत आहे, आणि सही काही गुडघ्यांनी करायची नसते. शाळा माझी अर्ध्यात सुटली. कायद्याची भाषा मी आमच्या वकीलबाई आयझान यांनी वाटलेल्या पत्रकांवरून शिकले. कुठे चुकली असेल तर नोटरीबाईंनी सुधारावी, मात्र माझे शेरे आहेत तसे राहू द्यावेत.

कलम १. घर. माझ्या पश्चात हे घर, अंगण आणि चुलीसह, माझी मैत्रीण झूराकान हिने हयात असेपर्यंत वापरावे. तिला इथून कोणीही उठवू शकणार नाही. तिच्यानंतर ते आमच्या चहाच्या मंडळाकडे जावे, म्हणजे घरच्याच माणसांनी छळलेल्या किंवा लुबाडलेल्या म्हाताऱ्यांना उतरायला हक्काची जागा होईल.

असं का, तेही लिहिते. झूराकानचा भाचा एर्किन उद्या कोर्टात उभा राहून सांगेल, की अनीपाला भ्रम झाला होता. मी डोळे मिटले आणि हा कागद कच्चा निघाला, तर झूराकानला त्याच्याच दारात जावं लागेल. ते होता कामा नये.

आमचं मंडळ म्हणजे आम्ही मोजक्या म्हाताऱ्या. एखाद्या वयस्क माणसाच्या घरी काही बरं दिसेना झालं की आम्ही चहाला जातो. चौकशीला गेलं की लोक दार लावून घेतात. पण उंबऱ्यावर आलेल्या म्हातारीला नानचा तुकडा चाखल्याशिवाय परत धाडायची लाज गावात अजून शिल्लक आहे.

झूराकान बाजारात दिसेनाशी झाली, तेव्हा मी आणि मंडळातली बातमा तिच्याकडे गेलो. एर्किनने दार अर्धंच उघडलं.

"मावशीला बरं नाही. झोपलीय."

"झोपू दे की," बातमा म्हणाली. "आम्ही नान चाखतो आणि जातो. का आता म्हाताऱ्यांना रस्त्यावरूनच वाटेला लावणार?"

तो बाजूला झाला. झूराकान काही झोपलेली नव्हती. ती मुकाट्याने चहा ओतायला बसली. पाहुणा राहावा असं वाटलं की आपण वाटी अर्धीच भरतो, म्हणजे पुन्हा पुन्हा ओतता येते. आता निघा, हे तोंडाने न बोलता सांगायचं असेल तर काठोकाठ भरतो. झूराकानने आमच्या वाट्यांत दोन-दोन घोट ओतले आणि एर्किनची वाटी अशी भरली की चहा खालच्या कापडावर सांडला.

एर्किन शहरात वाढलेला, चहा मगातून पिणारा. तो खूश झाला. "बघा, मावशीचा किती जीव आहे माझ्यावर. तुम्हाला घोटभर आणि मला भरून."

बातमाला ठसका लागला. मी म्हटलं, "खरंय बाबा. एवढं भरून आम्हाला कधी कुणी दिलं नाही."

मग आम्ही ठाण मांडलं. बातमाने आपल्या सुनेच्या पित्ताशयाची हकीकत काढली, तीही अगदी पहिल्या कळेपासून. भलेभले त्या हकीकतीपुढे टिकलेले नाहीत. शेवटी एर्किन सिगारेट आणायला म्हणून उठला, आणि सवयीने बाहेरून कुलूप लावून गेला. आम्ही दोघी आतच.

झूराकानने बाही वर केली. दंडावर बोटांचे वळ उठले होते. पेन्शनचं कार्ड त्याच्या खिशात होतं, आणि घराच्या बक्षीसपत्रावर तिची सही घेऊन झाली होती. बातमा तिथेच त्याचा उद्धार करायला लागली. मी आयझानला फोन लावला आणि तिने शिकवलं होतं तसं आधी झूराकानलाच विचारलं, "तुला काय हवंय?"

"माझी किटली," ती म्हणाली. "आणि आतून कडी लावता येईल अशी खोली."

आयझान पोलिसाला घेऊन आली, तेव्हा एर्किन किल्ली हातात घेऊन दाराशीच उभा होता. कुलपाचा खुलासा त्याला काही जमेना. त्या घराचा खटला अजून चालू आहे. निकाल लागेल तेव्हा लागेल. किटली त्याच दिवशी माझ्या चुलीवर आली.

कलम २. माझ्या घराच्या दारांना बाहेरून असलेल्या कड्या मी सुताराकडून उपटून टाकल्या आहेत. त्या कोणीही पुन्हा बसवू नयेत.

कलम ३. इथे येणाऱ्या माणसाला आधी त्याची इच्छा विचारावी. त्याला परत घरी जायचं असेल तर जाऊ द्यावं, आणि दुसऱ्या दिवशी त्याच्याकडे चहाला जावं.

कलम ४. माझा मुलगा तिलेक, मुक्काम बिश्केक, याला वडिलांचं खोगीर. याबाबत फोनवर बोलणं झालेलं आहे.

"आई, घर परक्या बाईला?"

"परकी? तुला गोवर आला तेव्हा उशाशी कोण बसलं होतं रे?"

"बरं. पण मी खोगीर घेऊन काय करू? माझ्याकडे घोडा कुठाय?"

"मग घोडा घे."

तो हसला, आणि उन्हाळ्यात राहायला मागची खोली तेवढी मागून घेतली. ती त्याला दिली आहे.

कलम ५. लोकर कातरायची कात्री बातमाला. एकदा उसनी नेऊन तिने ती बोथट करून आणली होती. धार आता तिनेच लावून घ्यावी. ज्याला वाटा मिळतो त्याला साक्षीदार होता येत नाही, हे ऐकल्यावर तिने कात्री पसंत केली.

कलम ६. माझ्या दिवसांच्या जेवणाला रिवाज म्हणून घोडा कापू नये, एक मेंढी पुरे. त्यासाठी साठवलेल्यातून जे उरेल ते मंडळाच्या टॅक्सीला आणि फोनला.

कलम ७. एर्किनला निळ्या नक्षीची एक वाटी. तो आला तर त्याला हाकलू नये. नान चाखू द्यावा आणि ती वाटी झूराकानने स्वतःच्या हाताने काठोकाठ भरावी. त्याचा अर्थ एव्हाना त्याला कोणीतरी सांगितला असेल.

हा सगळा मजकूर मी मोठ्याने वाचून दाखवला. झूराकान किटली घेऊन बसली होती. निघायची एवढी तयारी लिहून झाल्यावर मी माझी वाटी पुढे केली. तिने ती अर्धीच भरली.

तेव्हा निघायची घाई नाही. सही मात्र आजच करते.

सही: अनीपा, जपारची लेक

साक्षीदार:
१. आसिल, निवृत्त शिक्षिका (सही)
२. कुबात, सुतार, कड्या यांनीच काढल्या (सही)

ठिकाण: कोचकोर, माझ्याच स्वयंपाकघरात
दिनांक: १४ ऑक्टोबर २०२२