एका बॉलात एकाच माणसाचा दम

आबा, आज दुपारी डॉक्टरांनी मला एक नळी तोंडाला लावून फुंकायला सांगितलं. दम किती उरलाय ते त्यांना बघायचं होतं. मी नळी हातात धरली, पण माझे ओठ मिटले ते उघडेचनात. डॉक्टर समजुतीनं म्हणाले, "आजी, लहान मुलं फुगा फुगवतात ना, तसं करा." एवढं ऐकलं आणि मी नळी टेबलावर ठेवून सरळ चपला घातल्या. नातवाला वाटलं, म्हातारी बिथरली. आता सगळे आपापल्या कामाला गेलेत, म्हणून तुम्हाला लिहायला बसले आहे. चौथीपर्यंत हट्टानं शाळेत घातलंत, त्याचा उपयोग आज तुमच्यावरच करते.

तुमचा कोपरा मला अजून दिसतो. लोणावळ्याच्या इंजिनशेडमागे रेल्वेच्या चाळीतली शेवटची खोली, ओट्यावर पत्र्याचा आडोसा आणि त्यात मांडी घालून बसलेले तुम्ही. दिवसभर शेडातल्या यंत्रांचे कातडी पट्टे शिवायचे आणि घरी आलात की गावाच्या चपला. पण शेडच्या टीमचा फुटबॉल आला की चपला बाजूला सरतात. तुम्ही बॉलची कातडी वादी सोडवता, आतला रबरी फुगा बाहेर काढून पाण्यात बुडवून बघता, पुन्हा कातड्यात सारता, आणि त्याची नळी ओठांत धरून फुंकायला लागता. मानेच्या शिरा दोरीसारख्या वर येतात. मग नळीला दोऱ्याची गाठ, गाठ वाकवून कातड्याखाली, आणि वर वादी घट्ट. शेडात हवेचा पंप होता, पण तुम्ही त्याला नाक मुरडायचात. "मशिनीची हवा मुकी आस्ती," म्हणायचात.

मी नऊ-दहा वर्षांची असेन. तुम्ही पाणी प्यायला उठलात आणि अर्ध्या भरलेल्या फुग्याची नळी मला चिमटीत धरायला दिलीत. मी गंमत म्हणून तोंडाला लावून दोन फुंका मारल्या. तोवर तुम्ही माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. त्या दिवशी पाठीत असा धपाटा बसला की माझा श्वासच अडकला. भरलेली सगळी हवा सोडून देऊन तुम्ही पहिल्यापासून फुंकायला बसलात. "एका बॉलात एकाच मान्साचा दम," मध्ये थांबून म्हणालात. "दुसरा मिसळला की त्यो कुणाचंच ऐकत न्हाई. बाहेरनं कळत न्हाई, पर आत दोघं भांडत बसत्यात." मी दिवसभर फुरंगटून बसले. दुसऱ्या दिवशी तुम्ही मला बाभळीच्या मुठीची छोटी आरी करून दिलीत, वादी ओवायला. तेव्हापासून वादी माझी आणि दम तुमचा, अशी आपली वाटणी ठरली. लग्न होऊन घोरावाडीला जाईपर्यंत ती चालली.

टीममधली माणसं नाना तऱ्हेची होती. इंजिनात कोळसा टाकणारे दोन गोव्याचे फायरमन, कुणी फिटर, कुणी शेडातला खलाशी, आणि कप्तान इंदुरी गावचा, चांगल्या शेतकऱ्याच्या घरातला. घाटात विजेची इंजिनं नुकतीच आली होती आणि आपली नोकरी राहते की जाते या घोरात निम्मं शेड होतं. मुंबईच्या मोठ्या कपात टिकलो तर नोकरीतही टिकू, असं त्या पोरांनी मनाशी धरलं होतं. बॉल तयार झाला की त्यातले काही जण तो ओट्यावरून स्वतः उचलायचे, तुमच्या हातून घ्यायचे नाहीत. आपल्या माठातलं पाणी त्यांना चालत नव्हतं. मला राग यायचा. एकदा तसं बोलून दाखवलं तर तुम्ही डोळे मिचकावून हसलात. "त्येंला कुटं ठावं हाय," म्हणालात, "काय डोस्क्यावर घिऊन उड्या मारत्यात त्ये!"

मी सासरी होते, त्या वर्षी प्रथमच आपल्या टीमला मुंबईच्या कपात घेतलं. देशभरच्या टीमा, गोऱ्या पलटणींच्या टीमा, आणि नियम एकच, जो हरला तो त्याच दिवशी घरी. पहिल्या मॅचच्या दिवशी सकाळी काय झालं ते मला आईनं सांगितलं. चार दिवस तुम्ही खोकल्यानं हैराण होता, ओवा चघळत बसायचात. आईनं बॉल हातातून काढून घेतला, तर तुम्ही तो परत ओढलात. "एवढा भरून देतो, मंग पडतो." भरलात, गाठ मारलीत, मी नव्हते म्हणून वादीही तुम्हीच ओवलीत. कप्तान बॉल घेऊन गाडीला पळाला. तुम्ही भिंतीकडे तोंड करून पडलात, आणि आई भाकरी झाल्या म्हणून हाक मारायला गेली तेव्हा तुम्ही नव्हता. मला गार्डाबरोबर निरोप आला. मी घोरावाडीहून पोचले तोवर तुमची माती झाली होती. पाऊस थांबेना म्हणून लोकांनी घाई केली म्हणे. मला तुमचं तोंड दिसलं नाही. हे त्या लोकांना मी अजून माफ केलेलं नाही.

मुंबईत त्याच दुपारी आपली टीम जिंकली. दुसऱ्या दिवशी कप्तान आला आणि प्रथमच आपला उंबरा ओलांडून आत आला. मॅचला बॉल तिथल्याच लोकांचा असतो, पण मैदानात उतरण्यापूर्वी सगळ्यांनी आपल्या बॉलला एकेक लाथ मारायची अशी टीमची रीत होती. तो बॉल त्यानं आईसमोर पाटावर ठेवला. "मावशी, आबांचा दम हाय ह्यात," तो म्हणाला. "आमी कपात हाय तवर ह्यो उघडायचा न्हाई. तुमी सांबाळा. मॅचच्या दिशी तेवडा न्हेऊ." मग त्यानं पाणी मागितलं. माठातलं. आईनं दिलं आणि तो उभ्यानं घटाघटा प्यायला.

त्या दिवसापासून आईनं बॉल मांडीवर घेतला तो घेतलाच. मी माहेरीच राहिले होते. स्वयंपाक मी करायची, ती बॉलला कान लावून भिंतीशी बसलेली असायची. काय ऐकते विचारलं तर म्हणायची, "घशात हाय त्यांच्या कफ, मोकळा होईना." मी हात पुढे केला की तिच्याकडे कारण तयार. हात ओले हायती तुजे. पीठ लागलंय. नखं वाढल्यात. कोणताही बॉल चार-पाच दिवसांत मऊ पडतो, हे आपल्या घरात शेंबड्या पोरालाही माहीत होतं. हा आठवडा झाला तरी कडक. दुसरी मॅच जिंकले. दोन आठवडे झाले, कडक. तिसरी जिंकले. मॅचला जायच्या आधी पोरं शेडमागच्या मैदानात थोडा वेळ सराव करायची. धुकं इतकं की माणूस दिसायचं नाही, नुसता लाथेचा आवाज यायचा, आणि लाथेनंतर आणखी एक लहानसा आवाज, कुणी घसा खाकरावं तसा. पहिल्या दिवशी पोरं हसली. नंतर कुणी हसेना. गोव्याचा एक फायरमन छातीवर क्रूस काढून मगच बॉलला पाय लावायचा. आई ओट्यावरून धुक्यात ओरडायची, "लय जोरात मारू नगा रं!"

तिसऱ्या मॅचनंतर एका दुपारी आई बाजारात मीठ-मिरचीला गेली आणि बॉल पाटावर एकटा राहिला. तो मऊ पडला होता. आई आल्यावर तिच्या हाताला ते कळलं असतं आणि तुम्ही तिच्यासाठी दुसऱ्यांदा गेला असता. म्हणून मी माझी आरी काढली, वादी सोडवली, नळी वर काढली. वरून दोन फुंका मारून पुन्हा गाठ मारायची, एवढंच करायचं होतं. पण गाठ सुटली आणि नळी चिमटीतून निसटली. सगळी हवा माझ्या तोंडावर आली, आबा. बाहेर पावसाळी गारठा, बॉलचं कातडं गार, आणि ती हवा गरम होती, आत्ता सोडलेल्या श्वासासारखी. तंबाखू, चुना आणि ओव्याचा वास. फुगा चिंधीसारखा पडला. मी तो माझ्या दमानं भरला, गाठ मारली, वादी ओवली आणि चुलीपुढे जाऊन बसले. आईनं आल्या आल्या बॉल मांडीवर घेतला, कान लावला. बराच वेळ लावला. मग म्हणाली, "आज गप हायती."

चौथ्या मॅचच्या दुपारी आम्ही दोघी ओट्यावर तांदूळ निवडत बसलो होतो. टीम उशीर झाला म्हणून सराव न करताच सकाळी बॉल घेऊन मुंबईला गेली होती. उन्हं जरा कलली असतील, तेवढ्यात माझ्या बरगडीखाली कुणीतरी लाथ मारल्यासारखं झालं. मी सूप खाली ठेवलं. दुसरी बसली पाठीत. तिसरीला मी ओट्यावरून खाली आले. आजूबाजूला कुणी नाही, आई नुसती बघते आहे. श्वास आत जाईना, गेलेला बाहेर येईना, आणि मी मातीत लोळते आहे, कुणीतरी मला इकडून तिकडे उडवतं आहे. किती वेळ चाललं सांगता येत नाही. शेवटी छातीवर एक जोराचा तडाखा बसला आणि मी ओरडले, "जाऊ नगा!" कुणाला म्हणाले, कोण जाणे. मग सगळं थांबलं. आई जागची हलली नव्हती. तिच्या मुठीतले तांदूळ तसेच होते.

दुसऱ्या दिवशी कप्तान आला. हरले होते. बॉल उंबऱ्याच्या आत ठेवून तो बाहेरच बसला, आत ये म्हटलं तरी येईना. "हाप्टाइमानंतर मॅचचा बॉल फुटला, मावशी," तो सांगू लागला. "रेफ्रीनं आमचा मागितला. त्या दिशी गडबडीत त्याला येकेक लाथ मारायचीबी ऱ्हायली हुती. म्या म्हटलं, आता कप आपलाच, आबा सोताच मैदानात उतरल्यात. पर त्यो बॉल ऐकंचना. सरळ मारावा तर वळायचा, वळवावा तर सरळ जायचा. अखेरीला गोल मोकळा, म्होरं कुणी न्हाई, आन म्या मारला. गोलाच्या तोंडाशी जाऊन त्यो मधीच थबकला बगा. कुणी हाक मारल्यावानी. आन गेला की बाजूला." मग खाली बघत म्हणाला, "आत दोगं हुती. म्या कानानं ऐकलं. येक आवाज आबांचा. दुसरा बाईचा. बाई म्हनत हुती, जाऊ नगा."

आईनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं. कप्तान उठून गेला तोवर ती पाहतच होती. "तू बॉल उघडलास," ती म्हणाली. मी म्हटलं, "मऊ पडला हुता, आये. तुज्यासाठनंच उघडला." "म्या त्यास्नी सांबाळून ठिवलं हुतं गं," एवढंच ती बोलली, आणि बॉल पायानं माझ्याकडे सरकवला. पायानं, आबा. त्यानंतर ती बरीच वर्षं जगली, माझ्या मुलांना अंगाखांद्यावर खेळवलं, पण त्या बॉलला तिनं पुन्हा कधी हात लावला नाही आणि माझ्या हातचा घास घेताना आधी माझ्या तोंडाकडे बघायची. त्या सालानंतर शेडातली बरीच पोरं कामावरून कमी झाली. इंदुरीचा कप्तान शेतीवर परत गेला. मी कुणालाच काही सांगितलं नाही.

बॉल माझ्या ट्रंकेत आहे. कातडं तडकलं, वादी काळी पडली, पण अंगठ्यानं दाबलं तर अजून आत जात नाही. मी तो उघडलेला नाही आणि उघडणारही नाही. हे पत्र घडी करून त्याच्या शेजारी ठेवीन, म्हणजे घरातल्या कुणाच्या हाती पडायला नको.

एक मात्र लिहून टाकते. तो मऊ पडला नव्हता, आबा. दगडासारखा कडक होता, आईच्या मांडीवर अजून महिनाभर राहिला असता. मला तुमचं तोंड बघायला मिळालं नाही, आणि आई मला तुमच्याजवळ फिरकू देत नव्हती. मला माझा वाटा हवा होता. नळी निसटली नाही, मी ती सोडली, तोंड उघडं ठेवलं आणि तुम्हाला आत ओढून घेतलं. डोळ्यांपुढे अंधारी येईपर्यंत धरून ठेवलं. मग धरवेना, तेव्हा पहिली फुंक बॉलात गेली, ती तुमचीच होती, आणि पुढच्या माझ्या. पण तुमची सगळी सोडली नव्हती, थोडी मागे छातीत ठेवली. म्हणून आज डॉक्टरांच्या नळीत फुंकले नाही.