लेकुरवाळी

५ जानेवारी
लागले एकदाची कामाला! रुग्णालयाच्या तळघरातली प्रयोगशाळा, पण खोली ऐसपैस, आणि सूक्ष्मदर्शक असा झकास की बघतच राहावं. काम एकच: ज्यांच्या रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट घटल्यात त्यांच्या हाडांतल्या मगजाचा थर पसरलेल्या काचा तपासायच्या. मगजात प्लेटलेट तयार करणाऱ्या थोराड पेशी असतात. आम्ही त्यांना लेकुरवाळ्या म्हणतो, कारण धडधाकट माणसात त्यांच्याभोवती पिल्लांचा घोळका असतो. आजाऱ्यांत त्या नुसत्या फुगून बसतात. माझी लेक ढमी शाळा सुटली की इथंच चित्रं काढत बसणार. मायलेकी मजेत राहू.

८ जानेवारी
इथली रीत अशी, की पेशी रंगवायच्या रंगाची नवी बाटली उघडली की आधी आपल्याच बोटाचा थेंब रंगवायचा. आपलं रक्त नीट दिसलं, म्हणजे रंग चांगला. आज माझ्या काचेत प्लेटलेट जवळजवळ नाहीतच. भिकार रंग! अख्खी बाटली मोरीत ओतली. काचा धुणारे मामा बघत होते. मी थट्टा केली, तर हसले नाहीत.

१३ जानेवारी
दुसरी बाटलीही तसलीच. शिवाय वेगवेगळ्या रोग्यांच्या काचांत तीच एक लेकुरवाळी, एका कडेला चिरलेली. दर काचेत जरा मोठी. डोळे शिणलेत, दुसरं काय! दंडावर निळे डाग उठलेत. कुठं आपटले देव जाणे.

१६ जानेवारी
ती माझ्या रक्तात आहे. मगजातली पेशी, बोटाच्या थेंबात! काच वाळलेली, पेशी मेलेली — तरी सरकली. भीती वाटते. नाही, रंगच खराब. ढमीला माझ्याशिवाय कुणी नाही, मला काही होऊन चालायचं नाही.

१९ जानेवारी
रंग पारखायला दुसऱ्या कुणाचं रक्त हवं होतं. ढमीचं बोट टोचलं. तिने भोकाड पसरलं, बिस्किटावर समजूत काढली. काचेत प्लेटलेटच प्लेटलेट! जीव भांड्यात पडला. पण मग रंग चांगला आहे. म्हणजे मीच —

संध्याकाळ
खात्रीला पुन्हा माझंही बोट टोचलं, तर रक्त थांबत नाही. कापूस भिजला, रुमाल भिजला. मामा बघून धावत आले. म्हणाले, तुमच्या जागी आधी असलेल्या बाईंनीही अशाच बाटल्या ओतल्या होत्या. मग आपल्या भावाचा थेंब घेतला. विचारलं, भावाचं पुढे काय — तर ते ढमीचं टोचलेलं बोट बघायला लागले.

मामा स्ट्रेचर आणायला गेलेत. ढमीची काच पुन्हा बघितली. ती चिरलेली लेकुरवाळी — मघाशी नव्हती — देवा, मीच टोचलं, मीच —
ढमी विचारतेय, आई, माझ्या नाकातून हे काय —