नव्या तळ्यातली वाळू

३ मार्च १९८६, सोमवार

ड्रेजर— तळ्यातली वाळू उपसणारा आमचा तरंगता कारखानाच— अखेर नव्या तळ्यात तरंगला! जुन्या तळ्यात कामाचं खनिज काही उरलंच नव्हतं, नुसती पांढरी रेती. हॅस्केलने— आमच्या प्लँटच्या साहेबाने— सगळ्यांना डोनट वाटले. फ्लॉरिडाच्या या कोपऱ्यात एवढाच सण.

संध्याकाळी लॅबमध्ये नव्या वाळूचे रिझल्ट बघितले. त्यात मोनाझाइट हे खनिज जुन्या वाळूच्या दुप्पट! हॅस्केल खूश— "त्यालाही गिऱ्हाईक आहे!" आहे, पण मोनाझाइट किरणोत्सारी असतं. थोडंसंच. इथे आल्यापासून त्यातच वावरते आहे, कधी भीती वाटली नाही. आज वाटली. पाळी चुकली आहे.

८ मार्च

आहे!! डॉक्टर हसून म्हणाली, काँग्रॅच्युलेशन्स. मी गाडीत बसून रडले. आनंदानेच, बहुतेक.

९ मार्च, रविवार

मोहनचा— नवरोबाचा— फोन, पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावाहून. तिकडे अजून बर्फ. थीसिसची नेहमीची रड. मग—

"आपल्या ग्रीन कार्डचं काय म्हणतात तुझे लोक?"

"हॅस्केल म्हणतो, नव्या वाळूवर मिल नीट चालली की पेपर पुढे पाठवतो."

"मग चालव ना यार लवकर!"

नाही सांगितलं. 'सोड नोकरी' म्हणाला असता तर? आणि 'थोडे दिवस काढ कसेतरी' म्हणाला असता तर? कशाची भीती जास्त, मलाच कळत नाही.

११ मार्च

चहाचासुद्धा वास नको झालाय.

१४ मार्च

ड्राय मिलमध्ये नवे सेपरेटर चालू झाले. चकाचक! कोरडी वाळू त्यांच्यावरून धावते, दाणे निवडले जातात— आणि धूळ उडते. धूळ ओढून घेणारा कलेक्टर मात्र जुनाच. हॅस्केलला विचारलं.

"तो पुढच्या वर्षी. धूळ लिमिटच्या आत आहे. तूच तर मोजलीस."

मोजली होती. जुन्या वाळूची!

१९ मार्च

सेपरेटरखाली वाकून सॅम्पल घेणं हे माझं काम. आज डार्लीनला पाठवलं. ती मिलवरची ऑपरेटर— काटक बाई, नवरा नुकताच सोडून गेलेला, घरी एक मुलगी. "शुअर, हनी," म्हणाली, तोंडाला रुमाल बांधला आणि गेली. मी कंट्रोल रूममध्ये, काचेमागे.

परत आली तेव्हा केसांवर, भुवयांवर धूळ. झटकली, हसली. मी तिला कॉफी करून दिली. कॉफी!

२० मार्च

आजही तिलाच पाठवलं.

२३ मार्च, रविवार

सांगून टाकलं मोहनला. ओरडलाच तो! मग नाक ओढल्याचा आवाज. रडत असावा.

"खड्ड्यात गेलं ग्रीन कार्ड. उद्याच्या उद्या साहेबाला सांग. आणि काही खातेस की नाही?"

वेडा! आणि मी याला घाबरत होते. रात्री वरणभात केला, पोटभर जेवले.

२४ मार्च

हॅस्केल चक्क उठून उभा राहिला, हात हातात घेतला. "आधी का नाही सांगितलंस? आजपासून मिलमध्ये पाऊल टाकायचं नाही. इथे ऑफिसात बस. शुक्रवारी इंजिनिअर म्हणून मिल पास झाल्याची सही दे, की तुझे पेपर निघाले."

इतकं सोपं होतं! उगीच इतके दिवस झुरले.

मी निघताना म्हणाला, "सॅम्पलची काळजी करू नकोस. ते आता डार्लीनच घेईल."

मी थँक यू म्हटलं.

२५ मार्च

डार्लीन ऑफिसात आली. मला मिठी मारली, अभिनंदन केलं. मग दार लावून हळूच— "मलाही दिवस गेलेत. चौथा महिना लागलाय. कुणाला बोलू नकोस हं. मला कोण ऑफिसात बसवतंय!"

कुणाला बोलले नाही. मिलमध्ये गेले आणि सगळे सेपरेटर बंद केले. हॅस्केल धावत आला. म्हटलं, नव्या वाळूची धूळ मोजलेली नाही, नवा कलेक्टर बसल्याशिवाय माझी सही मिळणार नाही.

"तुझ्या पेपरांचं काय होईल, कळतंय ना?"

कळतंय, म्हटलं.