बेचाळीस दिवसांचं कुलूप

३ मार्च
शानतुंग प्रांतातल्या या कोंबडी-फार्मवर आज रुजू झालो. पशुवैद्यकाची पदविका हातात पडून महिना नाही झाला, तोच स्वतंत्र खोली आणि तीन वेळचं जेवण. आई खूश आहे. उद्या पिल्लं आत आली की फाटकाला कुलूप लागेल, ते बेचाळीस दिवसांनी ती विकायला निघतील तेव्हाच उघडेल. बाहेरचा रोग आत यायला नको म्हणून. फोनही ठेवून घेतला. राखणदार पेंगकाका म्हणाले, सासुरवास पुरुषांनाही कळू दे की जरा. जेवण खिडकीतून देतात. आज वाफवलेले पाव आणि कोबी होता.

६ मार्च
मालकीण श्वेबाई खिडकीशी येऊन म्हणाल्या: पाण्याच्या टाकीत रोज मूठभर पिवळी पूड टाकायची. आजार नसताना औषध कशाला, असं मी चाचरत विचारलं. बाई म्हणाल्या, आजारी पडल्यावर कुणीही देतं, शहाण्या, आपण आधीच देतो. शिकलो होतो ते नेमकं उलट. पण नव्या नोकरीत तोंड कोण उघडणार? टाकली पूड.

२२ मार्च
सकाळी चाळीस मेलेली. कापून पाहिली, तर यकृतावर पांढरा पापुद्रा. कात्री निसटून डाव्या अंगठ्यात घुसली. धुऊन पट्टी बांधली आणि पूड दुप्पट केली.

२४ मार्च
यकृतातले जंतू बशीत वाढवून त्यावर पिवळ्या पुडीसह सहा औषधांच्या चकत्या ठेवल्या होत्या. औषध लागू पडत असेल तर चकतीभोवती मोकळं कडं दिसतं. एकीभोवतीही नाही. जंतू चकत्यांना खेटून वाढलेत. अठरा दिवस थोडं थोडं चाखवून मीच त्यांना तयार केलं. आज तीनशे मेली. अंगठा ठणकतोय.

२५ मार्च
हात कोपरापर्यंत लाल. ताप. दवाखान्यात न्या म्हणून काकांच्या विनवण्या केल्या. ते म्हणाले, किल्ली बाईंकडे, आणि आत एक जरी पक्षी जिवंत असला तरी बाई फाटक उघडू देत नाहीत. अंगठ्यातला पू बशीत लावलाय. वर त्याच सहा चकत्या —

२६ मार्च
कडं नाही. एकही नाही. भिंत चढायला गेलो — हात उचलवत नाही. शेडमधला कलकलाट कमी होतोय. सगळी मेली तर फाटक उघडेल. दाराशी बसून त्यांना म्हणतोय, मरा लवकर — मी, ज्याने त्यांना वाचवायचं —

२७ मार्च
काकांनी खिडकीतून हाक मारली. बाईंनी खास तुझ्यासाठी औषध पाठवलंय, म्हणाले, आता रडगाणं बंद कर. डब्याखाली पुडी होती. दातांनी सोडली. आत पूड — पिवळी —