गाढवाचा पूल

प्रिय पंडिते,

तक्रारीनेच सुरुवात करतो. मागच्या पत्रात तू 'एझल्सब्र्युके' हा जर्मन शब्द अर्थ न देता टाकलास आणि खाली लिहिलंस, "बाबा, करा विग्रह!" तीस वर्षं पोरांचे समास सोडवलेल्या बापाशी हे वागणं शोभतं का? जर्मन शब्दकोशासाठी वाचनालयात दोन खेपा झाल्या. तिथल्या बाईंनी विचारलं, "सर, आता या वयात परदेशी का?"

पण सुटला. एझल म्हणजे गाढव, ब्र्युके म्हणजे पूल, मधला 'स' षष्ठीचा. गाढवाचा पूल, मुळात लॅटिनमधून आलेला. गाढव म्हणे वीतभर ओढ्यापाशीही अडून बसतं, कारण त्याला तळ दिसत नाही. मग माणसं त्याच्यापुरता पूल घालतात. त्यावरून, काही लक्षात राहावं म्हणून केलेली युक्ती म्हणजे गाढवाचा पूल. आईला सांगितलं तर म्हणाली, "मग इतका वेळ का लागला? घरचाच तर शब्द!"

तिचा स्वतःचा पूल तुला ठाऊकच आहे: रुमालाची गाठ. वॉर्डात नर्स होती तेव्हा एक गाठ तिसऱ्या खाटेच्या इंजेक्शनची, एक दहाव्या खाटेच्या पट्टीची. कागद हरवतो, रुमाल कमरेलाच असतो, म्हणायची. ड्युटी संपेपर्यंत सगळ्या सुटलेल्या असायच्या. निवृत्त झाली तरी सवय सुटली नाही.

मंगळवारी दुपारी जेवणाच्या टेबलाशी रुमाल घेऊन बसली होती. सात गाठी. एकेक सोडायची आणि आत काही ठेवलंय का, तसं बघायची. "अहो, ही कशाची हो?" मी म्हटलं, दुधाची. ही? इस्त्रीच्या कपड्यांची. जन्मभर कुणाला चुकीचा अर्थ सांगितला नाही गं, त्या दुपारी सहा सांगितले. प्रत्येकाला ती मान डोलवत होती, हुशार विद्यार्थिनीसारखी. सातवीला माझ्या थापा संपल्या. म्हटलं, लेकीला पत्र लिहायचंय, त्याची. तिने रुमालाची नीट घडी घातली आणि विचारलं, "कोणाच्या लेकीला?"

संध्याकाळी मात्र तुझ्या खोकल्याची चौकशी केली, अगदी नावानिशी. म्हणून दोन दिवस लिहिलं नाही. पुढच्या आठवड्यात डॉक्टरांनी तिला तपासणीला बोलावलंय. खरं सांगू? तपासणीची भीती नाही वाटत. तू सुट्टी बघून सावकाश येशील, दार ती उघडेल आणि विचारेल, "कोण हवंय?" याची वाटते. सुट्टीची वाट बघू नकोस. ये.

तुझाच,
बाबा