शॉकअपला गुंडाळलेली ट्यूब

११ जानेवारी

सगळं फिरलं ते आज, पाटाच्या पुलावर. बाईकवर मागं बसलेली पंकजा म्हणाली, "थांबव. मला हे धक्के नाही सोसत आता." उतरली. मागं न बघता स्टॉपकडं चालत गेली आणि टेम्पोत बसली.

मी पुलावरच उभा. दीड वर्ष तिला कोपरगावला कॉलेजात सोडतोय. माझं स्वतःचं कॉलेज सुटलं — सरांशी वाजलं, सेकंड इयरलाच निघून आलो — पण गेटपर्यंत जाणं सुटलं नव्हतं. तेवढाच रस्ता माझा. तोही गेला.

त्याच्या जरा आधी एका ट्रॅक्टरवाल्याशी झालं. उसाची ट्रॉली. चाकाचा चिखल उडाला तो थेट तिच्या पांढऱ्या ओढणीवर! गाडी आडवी घातली, त्याला खाली ओढला, दोन ठेवून दिल्या. सहादेव म्हणे. पाथर्डीकडचा, ऊसतोडीच्या टोळीबरोबर आलेला. केस पांढरे. एवढंच म्हणत राहिला, "दिसलं न्हाई ओ दादा." दिसलं नाही! मी कुणासाठी केलं हे? तिच्यासाठीच ना? मग गाडी काढली, पुलावरचे खड्डे लागले आणि ती हे बोलली.

१२ जानेवारी

गोरक्षनाथच्या गॅरेजवर गेलो. त्यानं मागच्या चाकापुढच्या शॉकअपवरून बोट फिरवून दाखवलं — तेल! सील गेलेलं. चाकाचा सगळा चिखल सरळ त्याच्यावर उडतो. ह्या सीझनला रस्ता आहे का शेत तेच कळत नाही, ट्रॉल्या अर्धं रान डांबरावर आणून टाकतात. म्हणजे बरोबरच बोलली ती. धक्के बसणारच.

नवा शॉकअप टाकला. आता ह्याला घाण शिवू द्यायची नाही.

१६ जानेवारी

फुटबॉलचा जुना मोजा चढवला शॉकअपवर. आई दारातून बघत होती. "गाडीला थंडी वाजती व्हय रं?" मी जेवलो नाही.

१९ जानेवारी

मोज्यानं चिखल पिऊन घेतला. वाळल्यावर नुसता दगड, दांडीवर कानशीसारखा घासतोय. फेकून दिला उकिरड्यावर. स्टॉपवर पंकजा टेम्पोत खिडकीशी होती. मला बघितलं आणि मोबाईल काढला.

२० जानेवारी

जुनी ट्यूब कापून शॉकअपभोवती गच्च गुंडाळली, वर-खाली तारेनं आवळली. चोहीकडून बंद. मुंगीसुद्धा जाणार नाही! गोरक्षनाथ म्हणाला, श्वास तरी घेऊ दे त्याला. म्हटलं, तू तुझं बघ.

तिला मेसेज टाकला — धक्के बंद केलेत, उद्या येतो. वाचला तिनं. बस, वाचला.

८ फेब्रुवारी

काही नाही.

२ मार्च

चार-पाच दिवस मागून कुईं कुईं चाललंय. आज खड्ड्यात दणकाच बसला. ट्यूब कापली तर आत लगदा! चिखल, पाणी, गंज. घाण खालून हळूहळू चढत गेली आणि बाहेर पडायला मीच वाट ठेवली नव्हती. गोरक्षनाथ हसून लोळायचा बाकी राहिला. "चिखलानं न्हाई मेला ह्यो. तुझ्या लाडानं मेला."

मी पाना भिंतीवर फेकून मारला. त्याचं हसू थांबलं. म्हणाला, "तुला सगळ्यावरच हात टाकायचा असतो का रं?"

५ मार्च

दुसरा शॉकअप. ह्या वेळी गुंडाळलं काहीच नाही. ट्यूबची नुसती रुंद पट्टी — चाक आणि शॉकअपच्या मधे पडद्यासारखी. वरून मडगार्डला बांधली, खालून चाक धरणाऱ्या लोखंडी चिमट्याला. चिखल पट्टीवर आपटतो आणि खाली गळतो. बाकी सगळं मोकळं. एवढी साधी गोष्ट!

१३ मार्च

शॉकअप कोरडा. गाडी धुतली, स्टॉपवर गेलो. म्हटलं बस, एक धक्का लागला तर उतर. वाकून पट्टी दाखवली. मोजा, ट्यूब, गंज, सगळं सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "गाडीचं कोण बोललं होतं?"

मला कळेना.

"त्या म्हाताऱ्याला मारून तू परत गाडीवर बसलास, तेव्हा तुझी पाठ थरथरत होती. मी मागंच होते ना. रोज कुणी ना कुणी असतंच तुझं. रिक्षावाला, सर, कंडक्टर. एक दिवस माझा नंबर लागणार."

चुकलं म्हणालो. तर म्हणाली, "मला नको सांगूस. ज्याला सांगायचं त्याला सांग."

टेम्पो आला. गेली.

दोन महिने शॉकअप पुसत बसलो. दोन महिने! चिखल कुठून येतोय तेच बघितलं नाही. आणि तिचाही राग येतोय अजून, हे काय आहे? त्याच दिवशी स्पष्ट बोलली असती तर? — तर ऐकलं असतं का मी?

१५ मार्च

कारखान्याचा पट्टा पडला. गाळप संपलं, टोळ्या गावाकडं निघाल्या. सहादेवची उद्या सकाळी जाणार. तो एकदा गेला की पुढच्या सीझनपर्यंत दिसणार नाही.

त्याच्या टोळीच्या कोप्या, पाचटाच्या झोपड्या, कारखान्यामागं आहेत. पंकजा काही परत बसणार नाही माझ्या मागं, माहीत आहे. तो काय म्हणेल ते माहीत नाही. त्यानं मला दोन ठेवून दिल्या तरी चालेल.

आई विचारतेय, गाडी न्हाई का न्यायची?

नाही. चावी खिळ्यालाच राहू दे. चालत जातो. दार ओढून घेतलं की निघालो.