बाकामागची अंगठी

रविवार, १६ नोव्हेंबर. क्रॉयडन

सकाळपासून काही सुचत नाहीये.

पार्कात जमिनीत पुरलेल्या जुन्या वस्तू शोधायला मेटल डिटेक्टर घेऊन गेलो होतो. कौन्सिलची परवानगी खिशात, आवाजाचा कुणाला त्रास नको म्हणून कानाला हेडफोन. कोपऱ्यातल्या बाकामागे सिग्नल लागला. हिरवळीचा तुकडा अलगद उचलला, तर चार बोटं खाली सोन्याची अंगठी. माती परत भरली, हिरवळ तळव्याने दाबली. खूणसुद्धा राहिली नाही. स्वतःवरच खूश होतो.

तेवढ्यात मागून एक वयस्कर इंग्रज बाई म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याची आहे ती. तो गेल्यावर मीच पुरली इथे. दर रविवारी येऊन बसते."

"सॉरी! लगेच परत ठेवतो."

"नको. आज तुम्हाला सापडली, उद्या दुसऱ्या कुणाला सापडेल."

अंगठी रुमालात बांधून त्यांनी पर्समध्ये ठेवली. वर मला थँक्यू म्हणाल्या! रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

हिरवळ इतकी नीट दाबली मी. नियम सगळे पाळले. मग हे असं का वाटतंय? बायको म्हणते, "तुझा काय दोष?" दोष नाहीच. पण आता त्या बाकावर त्या कशाला येतील?